नवी कोंबडी खुराड्यात घेण्याआधी

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)

शहरातल्या गॅलरीत वाढलेली कोंबडी ही आता फारशी नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. बाजारात टोपलीतून गुलाबी, हिरवी रंगवलेली पिल्लं विकायला येतात, मुलं हट्ट धरतात आणि एक पिल्लू घरी येतं. त्यातली बहुतेक पिल्लं नर असतात आणि पुष्कळशी जगतही नाहीत. पण एखादी मादी निघते, तग धरते, तिचं बारसं होतं आणि ती घरातलीच एक होऊन जाते. पाच-सहा महिन्यांनी ती अंडं घालू लागते आणि प्रत्येक अंड्यानंतर सगळी इमारत डोक्यावर घेते. मग शेजारी कुरकुरतात, आणि घरात ठरतं की हिला गावी आत्याकडे नेऊन सोडायची. तिथे आत्याच्या दहा-बारा कोंबड्या आहेत, मोकळं परसू आहे. हिलाही सोबत मिळेल.

विचार चांगला आहे. कोंबडी मुळातच चारचौघींत राहणारी आहे, एकटेपण तिला मानवत नाही. पण पिशवीतून नेलेली कोंबडी त्याच संध्याकाळी आत्याच्या खुराड्यात सोडली, तर पुढच्या पंधरा-वीस दिवसांत दोनपैकी एक गोष्ट होऊ शकते. एक तर हिच्या अंगावरचं काही दुखणं आत्याच्या कोंबड्यांत पसरेल. नाहीतर आत्याच्या कोंबड्यांनी पचवलेलं दुखणं हिला होईल आणि मुलाची लाडकी कोंबडी जाईल. आत्याच्या त्या बारा कोंबड्या म्हणजे नुसती हौस नव्हे. अंड्यांच्या पैशांवर घरचं तेल-मीठ आणि मुलांच्या वह्या-पुस्तकं निघत असतात. म्हणून नवी कोंबडी, मग ती गॅलरीतली असो, बाजारातली असो की पाहुण्यांनी भेट दिलेली असो, तपासल्याशिवाय आणि काही दिवस वेगळी ठेवल्याशिवाय इतरांत मिसळू नये, हे मला आज सांगायचं आहे.

दिसते निरोगी, पण आहे का?

आपली कोंबडी ही लाल रानकोंबडीची वंशज. रानात जो पक्षी आजारी दिसतो तो आधी शिकार होतो. त्यामुळे दुखणं लपवणं हे हिच्या रक्तातच आहे. ज्या दिवशी ती पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात बसलेली दिसते, त्या दिवशी आजार बराच पुढे गेलेला असतो. दवाखान्यात येणारे बहुतेक जण मला सांगतात, ‘कालपर्यंत चांगली होती हो!’ ते खोटं बोलत नसतात. ती आजारी होती, फक्त तसं दाखवत नव्हती.

दुसरं कारण असं की रोगाचा शिरकाव आणि लक्षणं यांत काही दिवसांचं अंतर असतं. राणीखेत म्हणजे मानमोडीचा रोग घ्या. सध्याच्या उत्तराखंडातल्या राणीखेत गावावरून हे नाव पडलं. परदेशात याच रोगाला न्यूकॅसल म्हणतात. त्याची लक्षणं दिसायला साधारण पाच-सहा दिवस लागतात, पण हा काळ दोनपासून पंधरा दिवसांपर्यंत असू शकतो. नाकातोंडातून घाण वासाचा स्राव येणारा, चेहरा सुजवणारा कोरायझा एक ते तीन दिवसांत दिसतो. देवीच्या खपल्यांना चार ते दहा दिवस लागतात. दीर्घकाळ रेंगाळणारा श्वसनरोग तर दोन-तीन आठवडेही दबा धरून बसतो. म्हणजे आज विकत घेतलेली तुकतुकीत कोंबडी आठ दिवसांनी आजारी पडू शकते, आणि तोवर तिने बाकीच्यांच्या पाण्यात चोच घातलेली असते.

तिसरी गोष्ट जरा कठीण आहे. काही रोगांतून कोंबडी बरी होते, पण रोग तिच्या अंगातून जात नाही. कोरायझा, श्वसनरोग, मॅरेक अशा रोगांतून वाचलेली कोंबडी वरून ठणठणीत दिसते आणि इतरांना मात्र रोग देत राहते. म्हणून कोंबडी घेताना तीन प्रश्न अवश्य विचारा. ही आधी कधी आजारी होती का? हिच्याबरोबरच्या कोंबड्या गेल्या दोन-तीन महिन्यांत मेल्या का? हिला कोणत्या लशी दिल्या आहेत? चेहरा सुजून बरी झालेली कोंबडी असेल, तर ती कितीही गुणी असली तरी निरोगी कोंबड्यांत सोडू नये. तिला वेगळंच सांभाळावं, हा माझा स्पष्ट सल्ला आहे.

आधी लांबून पाहा

तपासणीची सुरुवात कोंबडी पकडून करू नका. पकडलेली कोंबडी घाबरते, धापा टाकते आणि मग खरं काही कळत नाही. आधी दहा मिनिटं लांब बसून नुसतं पाहा. निरोगी कोंबडी सतत काहीतरी उद्योग करत असते. ती माती उकरते, टिपते, पिसं साफ करते, मध्येच मान उंच करून कानोसा घेते. तिची शेपटी वर असते, दोन्ही पाय सारखे पडतात. शेपटी खाली, मान आखडलेली, पिसं फुगवलेली आणि दाणे टाकल्यावरही उठत नाही, अशी कोंबडी आजारी समजावी. एक पाय पुढे आणि एक मागे ताणून पडली असेल तर मॅरेकची शंका घ्यावी.

भर उन्हात कोंबडी चोच उघडून धापा टाकते, कारण तिला घाम येत नाही. त्यात काळजीचं काही नाही. पण सकाळच्या गारव्यात ती चोच उघडी ठेवून श्वास घेत असेल तर मात्र लक्ष द्या. रात्री सगळं शांत झाल्यावर तिच्याजवळ जाऊन ऐका. छातीतली घरघर, बारीक खुरखुर, शिंक दिवसाच्या गोंगाटात ऐकू येत नाही, ती रात्री बरोबर ऐकू येते.

मग विष्ठा पाहा. घट्टसर, करडी-तपकिरी आणि वर पांढरी टोपी, अशी विष्ठा चांगली. तो पांढरा भाग म्हणजे कोंबडीची लघवीच असते. अधूनमधून तपकिरी, चिकट आणि दुर्गंधी विष्ठा पडते, तीही नेहमीचीच. तिला घाबरू नये. पण हिरवट-पांढरी पातळ हगवण, रक्त, किंवा जंत दिसले तर त्याचा अर्थ लावायला पशुवैद्याकडेच जायला हवं. ताजी विष्ठा काडेपेटीएवढ्या डबीत नेली तर सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी आणि रक्ती हगवणीचे जंतू दोन्ही तपासता येतात.

आता हातात घ्या

कोंबडी पकडायला संध्याकाळ उत्तम. अंधार पडला की ती शांत होते. बाजारात कोंबड्या पाय बांधून उलट्या टांगतात, तसं करू नका. दोन्ही हातांनी पंखांसकट उचला, तिची छाती डाव्या तळहातावर घ्या आणि पाय बोटांच्या फटीत धरा. एक लक्षात ठेवा, आपल्या छाती-पोटामध्ये असतो तसा श्वासाचा पडदा कोंबडीला नसतो. छातीचं हाड आणि बरगड्या हलवूनच ती श्वास घेते. लहान मुलांनी मायेनं घट्ट कवटाळलं तरी ती गुदमरू शकते.

सुरुवात डोक्यापासून करा. तुरा लाल आणि उबदार हवा. फिकट तुरा म्हणजे अंगात रक्त कमी असू शकतं, आणि त्याचं कारण बहुधा जंत किंवा उवा असतात. पण अंडी बंद असलेल्या, पिसं झडत असलेल्या किंवा खुडूक बसलेल्या कोंबडीचा तुराही फिका पडतो, हे विसरू नये. तुरा निळा-जांभळा पडला असेल तर ते गंभीर लक्षण आहे. तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती चामखिळीसारखे फोड किंवा काळ्या खपल्या असतील तर ती देवी असू शकते. डास चावून ती पसरते, म्हणून पावसाळ्यात आणि त्यानंतर विशेष पाहावं.

डोळे टपोरे, स्वच्छ हवेत. डोळ्याच्या कोपऱ्यात साबणासारखा फेस दिसला, तर श्वसनमार्गात बिघाड आहे असं समजा. नाकपुड्या कोरड्या हव्यात. नाकाजवळ नाक नेऊन वास घ्यायला संकोच करू नका. कोरायझाचा वास एकदा घेतला की विसरत नाही. चोच हलकेच उघडून आत पाहा. पिवळट, दह्यासारखे थर दिसले तर ते खरवडू नका, रक्त येतं. ती देवीही असू शकते, किंवा कबुतरांकडून आलेला घशाचा रोग असू शकतो.

गळ्याखाली, छातीच्या वरच्या बाजूला दाणे साठवायची पिशवी असते. ती संध्याकाळी भरलेली आणि सकाळी दाणे टाकण्यापूर्वी रिकामी असली पाहिजे. सकाळीही ती टणक किंवा पाणी भरल्यासारखी गिळगिळीत लागली, तर अन्न पुढे सरकत नाही.

आता छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा. दोन्ही बाजूंना मांस हाताला लागलं तर ठीक. हाड सुरीच्या धारेसारखं लागत असेल, तर कोंबडी आतून झिजते आहे, मग वरची पिसं कितीही दाट असोत. पिसं फसवतात, हाड फसवत नाही. शक्य असेल तर काट्यावर वजन करून वहीत लिहून ठेवा आणि दर आठवड्याला पुन्हा करा. वजन घटत असेल तर कोंबडी इतरांत नेऊ नका.

शेपटीखालची पिसं बाजूला करून मलद्वार पाहा. तिथे विष्ठा चिकटलेली नसावी. पिसांच्या मुळाशी रव्याच्या दाण्यांसारखे पांढरे झुबके दिसले तर त्या लिखा, म्हणजे उवांची अंडी. पिसं फाकवताच गवती रंगाच्या उवा पळताना दिसतील. काही गोचीड आणि लाल किडे मात्र दिवसा अंगावर सापडत नाहीत. ते खुराड्याच्या फटीत लपतात आणि रात्री रक्त प्यायला बाहेर येतात. म्हणून ज्या पेटीत किंवा डालग्यात कोंबडी आली, ती पेटी किंवा डालगं खुराड्याजवळ आणूच नये. रात्री बॅटरी लावून कोंबडीच्या पायांवर आणि बसायच्या दांडीखाली नजर टाकावी.

शेवटी पाय. पायांवरचे खवले कौलांसारखे एकावर एक चपखल बसलेले हवेत. ते उचललेले, चुनकळीसारखे खडबडीत दिसले तर खवल्यांखाली किडे आहेत. पाय साबणाच्या कोमट पाण्यानं धुऊन वर खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन दाट लावत राहिलं की ते गुदमरून मरतात, पण त्याला काही आठवडे लागतात. तळपायाला काळी, कडक खपली आणि सूज असेल तर आत पू असतो. ते घरी कापू नये.

तीस दिवसांचं विलगीकरण

तपासणीत सगळं उत्तम निघालं तरी कोंबडी लगेच सोडायची नाही. विलगीकरण हा शब्द २०२० सालच्या करोनाच्या साथीनं आपल्या सगळ्यांच्या घरात आणला. तोच नियम इथे लावायचा, आणि मुदत तीस दिवसांची. रोगांचे जे दिवस मी आधी सांगितले, त्यांची बेरीज-वजाबाकी करून ही मुदत येते. जागा अगदीच नसेल तर एकवीस दिवस, त्याहून कमी नको.

वेगळी जागा म्हणजे त्याच खुराड्याचा दुसरा कोपरा नव्हे. किमान दहा-बारा मीटर अंतर हवं, आणि वारा नव्या कोंबडीकडून जुन्यांकडे वाहणार नाही अशी जागा हवी. दाण्याचं आणि पाण्याचं भांडं वेगळं. रोज आधी जुन्या कोंबड्यांचं करायचं, मग नवीचं. उलट क्रम नको. नवीकडे जाताना चपला वेगळ्या घालाव्यात आणि आल्यावर हात साबणानं धुवावेत. रोग कोंबडीच्या पायांनी जातो, त्याहून जास्त तो माणसाच्या पायांनी आणि हातांनी जातो.

या महिन्यात आणखी दोन कामं होतात. विष्ठेच्या तपासणीनुसार पशुवैद्य जंताचं औषध देतात, आणि त्यानंतर आठवड्यानं राणीखेतची लस देता येते. मोठ्या कोंबडीला दिली जाणारी लस ही मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत विकसित झालेल्या विषाणूपासून बनते. अडचण अशी की लशीची बाटली शंभर किंवा अधिक पक्ष्यांसाठी असते, ती बर्फात न्यावी लागते आणि एकदा कालवली की दोन-तीन तासांत संपवावी लागते. एका कोंबडीसाठी ती कोण फोडणार? म्हणून आत्याच्या आणि शेजारपाजारच्या कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात आल्या की सगळ्यांना एकदम लस टोचून घ्यावी. त्याचा फायदा साऱ्या आळीला होतो. आजारी कोंबडीला मात्र लस देऊ नये, आणि दिल्यावर दोन आठवडे मिसळण्याची घाई करू नये.

गॅलरीतल्या कोंबडीबद्दल इथे वेगळं सांगायला हवं. ती वर्षभर एकटीच असेल, तर तिचं विलगीकरण एका अर्थी झालेलंच आहे. पण तिच्या दाण्यांवर कबुतरं येत असतील तर तसं म्हणता येणार नाही, कारण राणीखेतच्या कुळातला विषाणू आणि जंत कबुतरांकडूनही येतात. आणि खरा धोका तिच्याकडून आहे त्यापेक्षा तिलाच जास्त आहे. गावच्या कोंबड्यांनी जे जंतू लहानपणापासून पचवले, त्यांची हिला ओळखही नाही. म्हणून तिची लस गावी पोचल्यावर नव्हे, तर निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी झाली पाहिजे.

महिना संपत आला की शेवटच्या आठवड्यात एक साधी चाचणी करता येते. जुन्यांपैकी एक धडधाकट कोंबडी नवीच्या सोबतीला द्यायची. सात-आठ दिवस दोघी चांगल्या राहिल्या, तर छुपा रोग असण्याची शक्यता बरीच कमी होते. ती कोंबडी आजारी पडली तर नुकसान एकीचं होतं, बाकीच्या अकरा वाचतात. हे ऐकायला कठोर वाटेल, पण आत्याला आधी सांगून, तिच्या संमतीनंच हे करावं.

मिसळताना

कोंबड्यांमध्ये कोण वरचढ आणि कोण दुय्यम याची उतरंड ठरलेली असते. थोर्लाइफ शेल्डरुप-एब्बे या नॉर्वेच्या अभ्यासकानं १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला ती पहिल्यांदा नीट मांडून दाखवली. नवी कोंबडी आली की ही उतरंड नव्यानं ठरते आणि ती चोचीनंच ठरते. अशक्त कोंबडी या झटापटीत टिकत नाही. रक्त दिसलं की बाकीच्या तिथेच टोचत राहतात. म्हणजे तब्येतीची खात्री तिच्या स्वतःच्या जिवासाठीही हवी.

आठवडाभर मध्ये जाळी ठेवा. एकमेकींना दिसू द्या, भिडू देऊ नका. मग एका संध्याकाळी अंधार पडल्यावर तिला इतरांशेजारी दांडीवर बसवा. सकाळी लवकर उठून पाहा, दाण्यापाण्याची एक-दोन भांडी जास्त ठेवा. थोडी टोचाटोची चालायचीच. रक्त निघालं तर मात्र जखमी कोंबडी लगेच बाजूला घ्या. मिसळल्यावरही दोन आठवडे लक्ष हवं, कारण या ताणात दबलेले रोग डोकं वर काढतात.

शेवटी एक गंभीर गोष्ट. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला. लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या, आणि पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या गावांत तो परसातल्या कोंबड्यांत निघाला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंबा गावानंही हे पाहिलं. म्हणून एकाएकी दोन-चार कोंबड्या मेल्या, तर त्या कापू नका, खाऊ नका, उकिरड्यावर किंवा ओढ्यात टाकू नका आणि उरलेल्या घाईघाईनं विकूही नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. कळवल्यानं आपलं नुकसान होईल या भीतीनं जो गप्प बसतो, तो साऱ्या गावाच्या कोंबड्या पणाला लावतो.

तेव्हा कोंबडी गावी न्यायची असेल तर आत्याला आधी निरोप धाडा. एक रिकामं डालगं, वेगळं पाण्याचं भांडं आणि परसाच्या लांबच्या कडेला थोडी सावलीची जागा तयार ठेवायला सांगा. बाकीचं तीस दिवसांत होईल.